सहा रिकाम्या चौकटी

सोमवार, २ फेब्रुवारी

शेंडेफळास दादाचा आशीर्वाद. वय पन्नाशीला टेकलं तरी तो घ्यावाच लागतो, इलाज नाही.

प्रथम तक्रार. तू पाठवलेल्या पाकिटावरचं तिकीट तिरपं आहे. थोडंथोडकं नाही, मी कोनमापक लावून पाहिला, अकरा अंश. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या, रेणूंमधले कोन अर्ध्या अंशापर्यंत सांगणाऱ्या बाईने चार सरळ कडा असलेला कागद दुसऱ्या चार सरळ कडांच्या कागदावर असा डकवावा, हे शास्त्राला आणि आपल्या घराण्याला दोघांनाही शोभणारं नाही. पोस्टमनने पाकीट देताना मान वाकडी केली होती. ती माझ्यासमोर तरी सरळ झाली नाही. या सर्व प्रकाराचा मी लेखी निषेध नोंदवत आहे.

दुसरी तक्रार किरकोळ आहे. पाकिटात पत्र नाही.

तुझं अकरावीचं नवं पुस्तक मिळालं. बांधणी बरी आहे, पुठ्ठा जरा हलका वापरलाय. पान एकेचाळीसवर तू एक कपटा घालून ठेवला आहेस, तो मी दोन्ही बाजूंनी पाहिला. कोरा. त्या पानावर अणूतल्या कक्षकांचा तक्ता आहे. डावीकडे एक ते चार कवचं, वर एस, पी, डी, एफ. एकूण सोळा चौकटी आणि सोळाही भरलेल्या. दिसायला सुबक आहे. तुला त्यात काय दाखवायचं होतं ते तू लिहिलं नाहीस, तेव्हा मीही त्यावर काही लिहीत नाही.

आमच्या छापखान्यात मात्र त्याच पानावरून थोडी कुजबुज चालू आहे. कुठल्याशा शाळेतल्या मास्तरांनी पत्र पाठवून विचारलंय, की ‘एक-पी’ आणि ‘दोन-डी’ नावाची कक्षकं लेखिकेने कोणत्या विश्वात पाहिली? मास्तर तोंडाळ दिसतात. व्यवस्थापक मला म्हणाले, “छपाईत काहीतरी इकडचं तिकडे झालं असेल हो.” मी म्हटलं, असेल. पण पत्राची एक प्रत विषय समितीकडेही गेली आहे, त्यांनी तुलाही कळवलं असेलच. समिती वीस तारखेला इथे बसणार, आणि दोन गोष्टी ठरवणार: हे पुस्तक शाळांमधून मागे घ्यायचं का, आणि बारावीचं पुस्तक तुझ्याकडेच ठेवायचं का. तू घोर लावून घेऊ नकोस. छपाईच्या चुका होतात. बावीस वर्षं मी त्याच निस्तरतो आहे.

फोन तीनदा केला. तू उचलला नाहीस. तुझी वहिनी म्हणाली, “पत्र कसलं लिहिता, चौथ्यांदा करा की फोन.” मी म्हटलं, फोनला समास नसतो. तू आणि मी गेली कित्येक वर्षं समासातच बोलतो आहोत, हे तिला कसं सांगू?

दादा


सोमवार, ९ फेब्रुवारी

शेंडेफळास,

पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. तिकिटाचा विषय तुला झोंबला असावा. मागे घेतो. दहा अंश म्हणू.

आज एक कबुली द्यायची आहे, घाबरू नकोस, छोटीच आहे. मी आजवर शास्त्राची दीडेकशे पुस्तकं तपासली आणि त्यातलं एकही वाचलेलं नाही. मुद्रितशोधक वाचत नसतो. सुताराने दुसऱ्याच्या घरातलं टेबल पाहिलं तर त्याला त्यावरचं ताट दिसत नाही, सांधे दिसतात, तसं आमचं. वेलांटी, अनुस्वार, ओळ तुटली का, आकृतीचा क्रमांक बरोबर पडला का. अणूचं पुढे काय होतं याची चौकशी आम्ही करत नाही. तुझी पाच पुस्तकं माझ्या हाताखालून गेली, आणि माझी बहीण नेमकं काय लिहिते हे मला ठाऊक नव्हतं. हे लिहितानाच विचित्र वाटतंय.

म्हणून काल रविवारी सकाळी लाल पेन कपाटात टाकलं आणि तुझं दुसरं प्रकरण वाचायला बसलो. बारा वाजले तरी आंघोळ झाली नव्हती. तुझी वहिनी दोनदा दारात येऊन पाहून गेली.

अगं, काय लिहिलं आहेस! मला वाटलं होतं सूत्रांची फौज असेल. तू सुरुवात केलीस ती दोरीपासून. दोरीची दोन्ही टोकं धरून हलवली की ती आपल्या मनाप्रमाणे हलत नाही. एक फुगवटा घेईल, दोन घेईल, तीन घेईल, मधलं काही घेणार नाही. टोकं बांधली की मोजणी आपोआप सुरू होते, असं तू म्हणतेस. हे वाक्य मी तीनदा वाचलं. मग वाचून भागेना, तेव्हा कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली आणि एक टोक तुझ्या वहिनीच्या हातात दिलं.

“हे काय आता?”

“इलेक्ट्रॉन.”

“आंघोळ केलीत तर बरं होईल त्याला.”

पण धरलं तिने. एक फुगवटा झाला. हात जरा जोरात हलवले तर दोन झाले, आणि दोहोंच्या मधोमध दोरीचा एक बिंदू जागच्या जागी उभा राहिला. आजूबाजूला एवढा दंगा, आणि तो आपला स्थिर. तू त्याला निस्पंद म्हणतेस. असा नेमका शब्द रसायनशास्त्राच्या पुस्तकात पाहून माझ्यातला संस्कृतचा विद्यार्थी उठून उभा राहिला. मी वहिनीला म्हटलं, आता दीड करून दाखव. तिने खूप खटपट केली. दोरी नुसती गोंधळली, वाटेल तशी सपासप आपटली, पण दीड काही झाली नाही.

“होत नाही,” ती म्हणाली. “आणि तुम्ही मला इतकी वर्षं दीडशहाणी म्हणता.”

तेव्हा आता माझी उजळणी तपासून पाहा. अणूतला इलेक्ट्रॉन म्हणजे केंद्राला बांधलेली लाट. ती कोणत्या आकारात, म्हणजे कोणत्या कक्षकात, राहू शकते ते अंक ठरवतात, त्यांना तू पुंजांक म्हणतेस. पहिला अंक कवचाचा: एक, दोन, तीन, चार. दुसरा आकाराचा: शून्य असला तर एस, गोल चेंडूसारखा, एक असला तर पी, मध्ये कापलेल्या डंबेलसारखा, दोन म्हणजे डी, तीन म्हणजे एफ. हा दुसरा अंक शून्यापासून पहिल्याइतका वाढू शकतो. तिसरा अंक तो आकार अवकाशात किती दिशांनी ठेवता येईल ते सांगतो: एस एकाच प्रकारे, पी तीन, डी पाच, एफ सात. आणि चौथा अंक त्यात राहणाऱ्या दोघांना वेगळं करतो. दोनच, तिसऱ्याला दार बंद. या अंकांच्या तालावर सारं जग रचलं आहे, लोखंडापासून तुझ्या माझ्या बोटांपर्यंत, आणि तू ते वीस पानांत सांगितलंस. तेही सोळा वर्षांच्या मुलांना कळेल असं. माझं वय त्याच्या साडेतीनपट असूनही मला कळलं, यावरून तुझं कौशल्य ओळखावं.

पान एकेचाळीसपर्यंत अजून पोचलो नाही. छपाईत काय झालं असावं याची चौकशी चालू आहे.

दादा


शुक्रवार, १३ फेब्रुवारी

शेंडेफळास,

माझं पत्र मलाच परत आलेलं पाहून आधी वाटलं, तू न वाचताच फिरवलंस. मग उघडलं. दुसऱ्या पानावर ‘पहिल्याइतका’ या शब्दाभोवती हिरवा गोल, आणि समासात तुझ्या त्या बारीक अक्षरात चार शब्द: ‘एकाने कमी. पुन्हा वाच.’

ना प्रिय दादा, ना तुझी कोणी. तरी ते पाकीट मी दिवसभर खिशात घेऊन हिंडलो. लेखकांनी हिरव्या शाईत लिहावं आणि आम्ही लाल, हा आमच्या छापखान्याचा जुना दंडक. पण इतक्या वर्षांत माझ्या लेखनावर हिरवी शाई पहिल्यांदाच पडली. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पुन्हा वाचलं. कळलं. आणि कळल्यावर खुर्चीत टेकून बसलो.

पहिला अंक सांगतो की लाटेत स्थिर जागा एकूण किती. अंकाहून एकाने कमी. दोरीला एक फुगवटा असताना मध्ये स्थिर बिंदू एकही नव्हता, दोन फुगवट्यांना एक होता, तेच हे. आणि दुसरा अंक सांगतो की त्या स्थिर जागांपैकी किती थेट केंद्रातून आरपार जातात. पी म्हटला की त्याला आरपार जाणारी एक हवीच, नाहीतर तो पी कसला? डीला दोन. आता पहिल्या कवचाच्या गाठीला स्थिर जागा शून्य. त्याने पी आणायचा कुठून? एक-पी कुणी बंद केलेला नाही, त्याला हद्दपारीची शिक्षा नाही, तो व्हायलाच जागा नाही. दुसऱ्या कवचाला एकच जागा, म्हणून त्याला पी परवडतो, डी परवडत नाही. तिसऱ्याला दोन, तेव्हा डीपर्यंत मजल. एफ मिळायला चौथ्यापर्यंत थांबायचं. म्हणून तो तक्ता जिन्यासारखा उतरता हवा. सोळापैकी दहा चौकटी भरलेल्या, सहा रिकाम्या. त्या रिकाम्या चौकटींतच तर सगळा नियम आहे!

मग मी पान एकेचाळीस उघडलं आणि छापलेल्या तक्त्याप्रमाणे जग चाललं असतं तर काय झालं असतं, याचा विचार केला. पहिल्याच कवचात सोळा कक्षकं, म्हणजे बत्तीस इलेक्ट्रॉनांची सोय. आज हेलियम दोन इलेक्ट्रॉनांत तृप्त आहे, फुग्यात बसतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझ्या तक्त्यात तो बत्तीस खुर्च्यांच्या दिवाणखान्यात दोनच पाहुणे घेऊन बसला असता आणि जो भेटेल त्याच्याशी संधान बांधत सुटला असता. पाणी पाणी राहिलं नसतं. श्वास कशाचा घ्यायचा, हेही नव्याने ठरवावं लागलं असतं.

‘माझ्या तक्त्यात’ असं वर लिहून गेलो आहे. खोडणार होतो. राहू दे.

काल अक्षरजुळणी करणाऱ्या बाई माझ्या टेबलाशी आल्या. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. संगणकावर पानं लावतात, चौदा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर आहेत, आणि उगाच बोलत नाहीत.

“सर, एक विचारू? रागावणार नसाल तर.”

“असं म्हणून विचारलंत की मी आधीच रागावतो. विचारा.”

“एकेचाळीस पानाची दुरुस्ती तुम्हीच दिली होती ना मला? सही झाल्यावर?”

“कसली दुरुस्ती?”

“सर...” त्यांनी चष्मा काढला. “सहा चौकटी. लाल शाईत भरून. मी म्हटलं होतं, सर, या पानावर लेखिकाबाईंची ‘छापायला हरकत नाही’ अशी सही झालीये. आपल्याला त्यानंतर स्वल्पविरामसुद्धा हलवता येत नाही, आधी फोन करावा लागतो. तर तुम्ही काय म्हणालात?”

मी टेबलावरचे कागद सारखे केले.

“तुम्ही म्हणालात, ‘बाई, ती माझी बहीण आहे.’”

हे मी विसरलो होतो, असं तुला लिहिणार होतो. विसरलो नव्हतो.

तर शेंडेफळ, त्या सहा चौकटी मी भरल्या. कारण सांगतो. आमचं आयुष्य तक्त्यांत गेलं. आठ विभक्ती, तीन वचनं, चोवीस घरं, आणि एकही घर रिकामं ठेवून उठलं की पंतोजींची छडी. भोक पडलेला तक्ता दिसला की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. मला वाटलं तू घाईत राहून गेलीस. एक-एस आहे, दोन-पी आहे, तर एक-पी, दोन-डी असणारच. मुलांच्या हातात अर्धवट तक्ता जायला नको.

सफाई म्हणून हे बरं दिसतं. पण ज्याने ‘द्वि’ शब्द चालवलाय त्याला हे शोभत नाही. त्या शब्दाला एकवचन नाही आणि बहुवचनही नाही. दोनच्या पोटात एक किंवा अनेक मावतच नाहीत, तेव्हा ती घरं रिकामीच राहायची. छापखान्यात येण्याआधी शाळेत संस्कृत शिकवायचो तेव्हा हे मी मुलांना शिकवलेलं आहे. म्हणजे रिकामं घर हा नियमाचाच भाग असू शकतो, हे मला तुझ्या पुस्तकाआधी चाळीस वर्षं ठाऊक होतं.

दादा


मंगळवार, १७ फेब्रुवारी

शेंडेफळास,

काल सकाळी व्यवस्थापकांनी मला आत बोलावलं. चेहऱ्यावर लग्न ठरल्यासारखा आनंद.

“सुटलो बुवा,” ते म्हणाले. “बघा, तुमच्या भगिनींनी समितीला लिहून दिलंय.”

तुझं पत्र त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. दोन ओळी. ‘पान ४१ वरील तक्त्यातील चूक माझी आहे. अंतिम प्रूफ मी तपासून सही केली होती.’ तारीख दोन फेब्रुवारी. ज्या दिवशी मी तुला तिकिटाचे अंश मोजून कळवत होतो, त्याच दिवशी.

दुसरं वाक्य खरं आहे, म्हणून पहिलं खोटं बेमालूम पचलं. असं लिहायला फार चांगला लेखक लागतो. मी उभ्या उभ्या तुझं कौतुक करत होतो.

मी म्हटलं, “साहेब, सही केलेलं पान माझ्या कपाटात आहे. त्यावर लाल शाई आहे.”

“आहे ना? मग कपाट बंदच असू द्या.” त्यांनी आवाज खाली आणला. “हे बघा, तुमची दोन वर्षं राहिलीत. बाई मोठ्या आहेत, कॉलेजात आहेत, त्यांना काय फरक पडतोय? एक पुस्तक गेलं तर दुसरं लिहितील. तुम्ही गेलात तर तुम्हाला कोण विचारणार?”

“बारावीचं पुस्तक जाईल तिचं.”

“त्यांनी स्वतः लिहून दिलंय की हो! आता तुम्ही मध्ये तोंड घालून त्यांना खोटं पाडणार?”

मुद्दा बिनतोड होता. मी टेबलाशी आलो, कपाट उघडलं, ते पान पाहिलं आणि कपाट बंद केलं. किल्ली खिशात टाकली. सहा वाजता घरी आलो. हे तुला कळायला हवं, म्हणून लिहितो आहे: मी कपाट बंद करून घरी आलो होतो.

गेल्या पत्रात सफाई दिली तिच्यात एक गोष्ट गाळली होती. पहिल्या प्रुफात मी समासात विचारलं होतं, ‘या सहा चौकटी रिकाम्या का?’ तू हिरव्या शाईत उत्तर दिलंस, ‘रिकाम्याच राहू दे. तुला नाही कळायचं, दादा.’ आणि पुढे एक जीभ बाहेर काढलेलं तोंड काढलंस.

तुझी थट्टा होती. ते वाक्यही माझंच. एका टेबलाच्या दोन बाजूंना आपण अभ्यासाला बसायचो. तू पलीकडून माझ्या पुस्तकात डोकावून विचारायचीस, हे काय आहे, आणि मी मोठेपणाने म्हणायचो, तुला नाही कळायचं. शंभरदा म्हटलं असेन. तू एकदाच परत केलंस, तेही हसत. आणि मला ते लागलं, शेंडेफळ. वर्गात पहिला येणाऱ्या, तुला पाढे शिकवणाऱ्या दादाला लागलं. म्हणून सही झालेलं पान हातात आलं तेव्हा मी फोन केला नाही. फोन केला असता तर तू कारण सांगितलं असतंस. मला कारण नको होतं. बहिणीच्या पुस्तकात राहून गेलेली गोष्ट आपण भरून काढली, हे मला हवं होतं. पुस्तक आल्यावर तुला सहज म्हणणार होतो, ‘अगं, तेवढं राहिलं होतं, मी बघितलं ते.’ वाक्यसुद्धा तयार होतं.

काल घरी आल्यावर तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. मळायची थांबली नाही. शेवटी म्हणाली, “जेवायला आत्ता वाढू, की आधी ऑफिसात जाऊन येताय?”

“आता? सात वाजत आलेत.”

“रखवालदार असतो की. आणि किल्ली तुमच्याच खिशात आहे, मघापासून हात तिथेच आहे तुमचा.”

गेलो. पान काढलं. आज सकाळी ते समितीच्या कार्यालयात नेऊन दिलं, सोबत अर्धं पान मजकूर. काय लिहिलं त्याची नक्कल जोडतो. तू खोटी पडतेस त्यात, त्याबद्दल माफी मागणार नाही.

दादा


शनिवार, २१ फेब्रुवारी

शेंडेफळास,

समितीचा निकाल तुला कळला असेलच, तरी आतली हकिगत माझ्याकडूनच ऐक.

लांबट खोली, लांबट टेबल, पाच जण. अध्यक्षबाई निवृत्त पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापिका. पांढरे केस, आवाज असा की मागच्या बाकावरच्याने पेन खाली ठेवावं. त्यांच्यापुढे ते पान. वर तुझी हिरवी सही, खाली माझी लाल भर. शाईची तारीख विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

“तुमचा विषय?” बाईंनी विचारलं.

“संस्कृत.”

“आणि कक्षकं भरलीत!” शेजारचे एक गृहस्थ हसले. बाई हसल्या नाहीत.

“भरताना तुम्हाला यातलं काय कळत होतं?”

“काही नाही.”

“आणि आता?”

“आता कळतं, बाई.”

“असं?” त्यांनी खडू पुढे केला. “मागे फळा आहे. रिकाम्या का, सांगा.”

मी बावीस वर्षांनी फळ्यासमोर उभा राहिलो. तू लिहिलंस तसंच सांगितलं. आधी दोरी. मग स्थिर जागा, पहिल्या अंकाहून एकाने कमी. मग त्यातल्या किती केंद्रातून जातात ते. पहिल्या कवचाच्या पुढच्या तीन चौकटी मी नुसत्या आखल्या आणि म्हटलं, “इथे पी बसवायचा तर एक स्थिर जागा लागते, ती याच्याकडे नाही.” मघाशी हसलेल्या गृहस्थांनी अडवलं, “मग दुसऱ्यात डी का नाही?” मी म्हटलं, “डीला दोन लागतात, दुसऱ्याकडे एकच आहे. पीवर खर्च केली की हात रिकामे.” कुणीतरी तिसरा अंक विचारला. पीच्या तीन दिशा हातांनी दाखवल्या, वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे. डीच्या पाच दाखवायला हात पुरेनात, तेव्हा सगळेच हसले, बाईसुद्धा.

“हे कुठे शिकलात?”

“याच पुस्तकात. दोन आठवडेही झाले नाहीत.”

बाईंनी पुस्तक उचललं, उघडलं, मिटलं. मग बाकीच्यांकडे पाहून म्हणाल्या, “ज्या पुस्तकाने यांना शिकवलं ते मागे कशाला घ्यायचं?”

शेंडेफळ, त्या क्षणी मला किती अभिमान वाटला हे लिहून सांगता येणार नाही. बाहेर आलो तेव्हा खडूचे हात तसेच होते. जिन्यावर जो भेटला त्याला सांगावंसं वाटत होतं की ते पुस्तक माझ्या बहिणीने लिहिलंय.

पुस्तक राहिलं. पान एकेचाळीसवर चिकटवायला नवा तक्ता छापला जातोय, खाली ‘मूळ तक्त्यातील चूक मुद्रितशोधकाची’ अशी ओळ. ती ओळ मीच तपासली. बारावीचं पुस्तक तुझ्याकडेच. मला नोकरीवरून काढलं नाही. पाठ्यपुस्तकांना मात्र यापुढे हात लावायचा नाही, मी हजेरीपत्रकं आणि अर्जांचे नमुने तपासणार. व्यवस्थापक दोन दिवस बोलत नव्हते. जुळणीच्या बाईंनी काल न विचारता चहा आणून ठेवला.

म्हणजे सगळं ठीक झालं. तुझ्या बारावीच्या पुस्तकाची प्रुफं दुसऱ्या कुणाच्या टेबलावर जातील, हे टोचतं. पण ते माझ्याच हाताने झालं आणि ते मी सोसेन.

खरं टोचतंय ते वेगळं आहे, आणि ते थट्टेत घालून सांगायचे चार कच्चे खर्डे मी फाडले.

ते दोन ओळींचं पत्र लिहिण्याआधी तू मला काही विचारलं नाहीस. पुस्तक पाठवलंस, पान दाखवलंस, पण ‘दादा, तू केलंस का?’ हे तीन-चार शब्द विचारले नाहीस. रागावून विचारलं नसशील तर माझी काही तक्रार नाही. रागावलेलं माणूस निदान समोरच्याकडून काहीतरी मागत असतं. पण तू माझ्याकडून काहीच मागितलं नाहीस. चूक अंगावर घेतलीस आणि सही केलीस. मी पुढे येणार नाही, असं तू धरूनच चालली होतीस का? मला सगळ्यात जवळून ओळखणारं माणूस तू आहेस. आणि एक संध्याकाळ, किल्ली खिशात घालून घरी चालत येताना, तुझा अंदाज बरोबर होता.

मला याचीच भीती वाटते. तसं असेल तर सांग, आणि तसं नसेल तरीही सांग.

दादा